यमाईला सोडलेलं गोड

आबा, तुमच्यावर लिहायला बसलो याबद्दल आधी माफी मागतो. आपल्या घरात कुणी गेलं तर माणसं रडतात, डोकी भादरतात, तेराव्याला गाव जेवतं आणि चौदाव्या दिवशी जो तो आपल्या कामाला लागतो. गेलेल्या माणसाशी कागदावर कुणी बोललेलं मला माहीत नाही. तुम्ही पलटणीतून धाडलेली पत्रंसुद्धा दुसऱ्याच्या हातची असायची. खाली तेवढी तुमची सही, अरुंद रस्त्यावर ट्रक वळवावा तशी हळूहळू वळवलेली. मराठीचे आमचे सर म्हणाले, "वार्षिक अंकासाठी वडिलांवर लिही काहीतरी. मन हलकं होईल." मी मान हलवली. पण मला मन हलकं करायचं नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि ते अर्धं ठेवून उठून जायची तुमची ही सवय जुनीच आहे.

भांडण शालनचं. दुसरं कशाचं असणार?

ती तेरा वर्षांची असताना तिला ती विचित्र तहान लागली. तांब्यामागून तांब्या प्यायची आणि तरी ओठ कोरडे. पोटभर जेवायची आणि अंग मात्र काटकुळं होत चाललेलं. आई दृष्ट काढत होती. तुम्ही नुकतेच पेन्शनीत आला होता. एके सकाळी ती अंथरुणातून उठेना, तेव्हा तुम्ही तिला खांद्यावर टाकलंत आणि गाडी बदलत मिरजेच्या दवाखान्यात नेलंत. डॉक्टर म्हणाले, मधुमेह आहे, लहान वयातला. रोज सुई लागेल, जन्मभर. तुम्ही विचारलंत, "मंजी बरी कवा हुनार?" ते म्हणाले, "बरी होणार नाही. नीट राहील. तुम्ही नीट ठेवलीत तर."

हे वाक्य तुम्ही हुकूम म्हणून घेतलंत. दुसऱ्या दिवसापासून आपलं घर बराकीसारखं चालायला लागलं. पहाटे चुलीवर आधी सुईचं पातेलं, मग चहाचं. औषधाची कुपी ओल्या वाळूच्या डेऱ्यात, त्याला आईनंही हात लावायचा नाही. सकाळी शालनची लघवी काचेच्या नळीत घेऊन त्यात निळं औषध घालून दिव्यावर तापवायची आणि रंग बघायचा. निळी राहिली तर उत्तम, हिरवी झाली तर सांभाळून, विटकरी झाली तर घरात सगळ्यांचीच कंबख्ती. जेवणाची वेळ झाली की तुम्ही परड्यातून शिट्टी मारायचात. खरी, पलटणीतली शिट्टी.

"मी काय तुमची पलटण हाय व्हय?" शालन ओरडायची.

"पलटणीतली पोरं बरी तुझ्यापरास. शिट्टीवर ताटाव बसत्यात."

"मग त्यास्नीच टोचा सुई!"

आणि तरी दंड पुढे करायची. तुमचा हात ट्रकचं स्टिअरिंग धरून दगडासारखा झालेला, पण सुई टोचताना तिला कळायचंसुद्धा नाही, हे तिनंच मला सांगितलंय. तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमच्यासमोर ती रोज न चुकता "आई गं" म्हणायची.

मधे एक महिना नळी रोज निळीच निघाली, आठवतं? तुम्ही खूश. फाट्यावरच्या हॉटेलात सगळ्यांना चहा पाजलात, कारण मात्र सांगितलं नाहीत. तिकडं शालन वाळत चालली होती. मी सांगलीहून कॉलेजच्या सुट्टीला आलो तेव्हा तिला मोरीत पकडलं. ती लघवीच्या भांड्यात पाणी मिसळत होती. मी विचारलं तर म्हणाली, "रंग बघून आबांचं तोंड बदलतं रं दादा. मला ते तोंड बघवत न्हाई." मी ते तुम्हाला सांगितलं. मला वाटलं तुम्ही तिला झोडपाल. तुम्ही तिला काहीच बोलला नाहीत. मला म्हणालात, "तू कशाला मोरीत डोकावतोस?" तुमचा न्याय हा असा.

माझ्या वाट्याला थर्मास आला. जवळच्या कराडात औषध कधी मिळायचं, कधी नाही. म्हणून ते मी सांगलीत घ्यायचं, रुंद तोंडाच्या थर्मासात बर्फ भरून त्यात कुपी ठेवायची आणि पाटण गाडीचे कंडक्टर इब्राहिममामा यांच्या हवाली करायची. आपल्या फाट्यावर गाडी थांबली की तुम्ही उभे. पाऊस असो, ऊन असो, गाडीच्या आधी तुम्ही तिथं. मामा मला म्हणायचे, "तुझा बाप म्हंजी मैलाचा दगड हाय रं. त्यो दिसला की मी वळखतो, फाटा आला."

हे सगळं मी आभारानंच आठवतो, आबा. ही शिस्त तुम्ही ठेवली नसती तर शालन आज नसती, हे मला कळतं. पण तुम्ही एक गोष्ट केलीत, आणि तिच्यापायी माझा जीव चार वर्षं टांगणीला लागला.

मिरजेहून आल्यावर शेजारची हौसाकाकू पुरणपोळी घेऊन आली. शालननं हात मागे घेतला. काकूनं विचारलं, का गं? आणि कुणी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "यमाईला गोड सोडलंय तिनं. लगीन हुईस्तवर."

झालं. आपल्याकडं देवीला एखादी वस्तू सोडली की कुणी आग्रह करत नाही, उलट हात जोडतात. ना प्रश्न, ना चौकशी. तुम्हाला वाटलं, एका वाक्यात पोर वाचली आणि तिचं लग्नही वाचलं. मला त्या रात्री म्हणालात, "रोगी हाय म्हनून एकदा गावात झालं, की उंबऱ्यावर कोन पाय ठेवनार न्हाई. पोरीची जात हाय. तुला काय कळतंय?"

"आणि लग्नानंतर काय? नवस फिटला म्हणून पहिल्याच दिवशी तिच्या तोंडात पेढे घालतील."

"ते मी बघतो."

"रोज सकाळी सुई काय गुपचूप घेणार ती तिथं?"

"मी हाय न्हवं?"

तुमचं हे "मी हाय न्हवं". कुठलाही प्रश्न विचारला की तुम्ही ते दारासारखं लावून घ्यायचात. मी बाहेर.

मग ते गुऱ्हाळावर घडलं. शालन त्या दिवशी तुमच्यावर रुसली होती. सकाळची सुई घेतलेली, पण दुपारचा डबा तिनं मुद्दाम तसाच ठेवला. शाळा सुटल्यावर पोरींबरोबर परस्पर गुऱ्हाळावर गेली. तिथं तिला घाम फुटला, हातपाय लटलटायला लागले, डोळे फिरले, तोंडातून भलतंच बडबडणं सुरू झालं. अंगातली साखर उतरली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, असं झालं की ताबडतोब गोड द्या, नाहीतर पोर हातची जाईल. ते तुम्हाला माहीत होतं, आईला माहीत होतं, मला माहीत होतं. तिथल्या एकालाही नव्हतं. समोर काहिलीत रस उकळतोय, बाजूला ढेपा मांडलेल्या, सगळ्या शिवारात गुळाचा वास, आणि त्याच्या मधोमध तुमची पोर गुळावाचून मरायला लागलेली.

पुढचं शालन नक्कल करून सांगते. हौसाकाकू किंचाळली, "अगं पोरीला वारं आलं! यमाई आली गं अंगात!" कुणी कपाळाला कुंकू फासलं. गुळव्यानं डोक्याचं मुंडासं काढून हात जोडले. एका पोरीनं वाटीत काकवी आणली, तर काकूनं तिचा हात धरला. "खुळे, गोड सोडलंय तिनं! देवीच्या म्होरं देवीचाच नवस मोडतीस?" मग काकू शालनपुढं पदर पसरून बसली. "बोल आई. काय चुकलं आमचं? काय पायजे तुला?"

"गूळ."

"आं?"

"गूळ... दे."

"बया! आईनं सोता नवस सोडिवला गं! द्या रं, द्या!"

मुठीएवढा ढेकूळ तोंडात गेला. थोड्या वेळानं देवी उतरली आणि शालन उठून बसली.

तुम्ही हे ऐकून हसलात. खांद्यावरचा टॉवेल डोळ्यांना लावून हसलात. मग उठून गोठ्याकडं गेलात आणि बराच वेळ परत आला नाहीत. आई म्हणाली, जाऊ नगंस मागं. मी गेलो नाही. पण मला हसू आलं नव्हतं. शालन नंतर मला एकट्याला गाठून म्हणाली होती, "दादा, मी काय सोंग न्हाई केलं. मला बोलताच येत नव्हतं. डोक्यात तेवढा एकच शबूद उरला हुता."

मी तुम्हाला म्हणालो, आता तरी गावाला खरं सांगा. पुढच्या वेळी तो एक शब्दही उरला नाही तर?

"उरंल."

"आणि नाही उरला तर?"

"मी हाय न्हवं?"

आणि सांगायचं सोडून दुसऱ्या दिवसापासून तिच्या दप्तरात तुम्ही कागदात बांधून गुळाचा खडा ठेवायला लागलात. कुणी विचारलं तर म्हणायचं, देवीचा परसाद. एका थापेला दुसरी थाप. इकडं बायका शालनच्या पाया पडायला यायला लागल्या. एकीनं तर तिला हरवलेल्या म्हशीचा पत्ता विचारला. शालननं तिला ओढ्याकडं बघायला सांगितलं आणि म्हैस ओढ्याकडंच सापडली. आता तर कुणाला खरं सांगूनही पटलं नसतं. तुम्हाला हे मजेचं वाटत होतं. मी सांगलीत रोज रात्री अंथरुणावर पडून तिचं बंद झालेलं तोंड बघत होतो.

ती सतरा वर्षांची झाली आणि तासगावकडचं स्थळ आलं. हळदीचे बागायतदार, किसनराव. मुलगा पलटणीत. तुम्हाला आणखी काय हवं होतं? मी परीक्षेच्या आधी दोन दिवस घरी आलो होतो, तेव्हाच ते पाहून गेले. शालननं पोहे आणून ठेवले. किसनरावांची बायको म्हणाली, "पोरीनं देवीला गोड सोडलंय म्हनं. लय चांगलं वळण हाय." तुम्ही मान डोलावलीत. मला तिथंच ओरडावंसं वाटलं.

ते गेल्यावर मी ओरडलो. म्हणालो, तुम्ही पोर देत नाही, फसवून गळ्यात मारताय. साखरपुड्यालाच तिच्या तोंडात साखर घालतील. सुई सापडली की घराबाहेर काढतील. नाही काढली तर त्या घरात एक दिवस तिला घाम फुटेल आणि सासू कुंकू लावत बसेल.

तुम्ही शांतपणे सुईचा डबा पुसत होता. म्हणालात, "कालिजात ह्येच शिकवत्यात व्हय? बापाला फसव्या म्हनायला?"

"खरं असेल ते म्हणायला शिकवतात."

"मग खरं ऐक. खरं बोलून तुझ्या भनीचं लगीन हुनार न्हाई. जन्मभर घरात बसंल ती. चालंल तुला?"

"जिवंत बसेल."

"पोरीच्या नशिबात काडी घालू नगं. गप जा आन परीक्षेचं बघ."

शालन आतून म्हणाली, "माझ्याबद्दल बोलताय, तर मला बी कुनीतरी इचारा." आपण दोघांनीही तिला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी फाट्यावर तुम्ही रिकामा थर्मास माझ्या हातात दिलात. गाडी सुटली तेव्हा मी पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघत होतो.

परीक्षा सुरू झाली. मी नेहमीसारखा औषध भरून थर्मास पाठवला. संध्याकाळी इब्राहिममामा तो भरलेलाच परत घेऊन आले. म्हणाले, "फाट्यावर कुनीच न्हवतं रं. गाडी थांबिवली, हारन मारला. आजवर असं कवा झालं न्हाई." बर्फाचं पाणी झालं होतं. मला राग आला. म्हटलं, आता माझ्यावर रुसून पोरीचं औषधही घ्यायचं नाही का? नवा बर्फ भरला, थर्मास मांडीवर घेतला आणि मिळेल त्या गाडीनं निघालो. सगळ्या वाटेनं मी तुमच्यासाठी वाक्यं जुळवत आलो, आबा. चांगली, टोकदार वाक्यं. घराच्या अंगणात माणसं बसलेली दिसली तेव्हाही पहिल्यांदा मला वाटलं, पाहुणे आले असतील, साखरपुडा ठरला असेल.

छातीत कळ आली आणि गेलात. आई सांगते, आदल्या दिवशी तुम्ही कराडला म्हणून गेलात. सुईचा डबा बरोबर नेलात, का ते तिला कळलं नाही. उशिरा परत आलात, जेवला नाहीत आणि पहाटे पाणी मागितलंत. एवढंच. ज्याला घरात सगळं आपणच करायचं असतं, त्यानं निदान जाताना तरी सांगून जावं. "मी हाय न्हवं" म्हणत म्हणत तुम्ही कुणाला काही शिकवलंत? आईला सुई बघितली तरी चक्कर येते. मी तर बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पातेल्यातून काढलेली सुई धरायची कशी तेच मला येईना, तेव्हा शालननं ती माझ्याकडून काढून घेतली.

"सर बाजूला. रोज आबांचा हातच तर बघत आले मी."

तिनं स्वतःच्या मांडीत टोचून घेतलं. "आई गं" म्हणाली नाही. मग सुई ठेवली आणि तुमच्या खाटेकडं बघत रडली. तोवर ती रडली नव्हती.

तेराव्याला गोड जेवण झालं. हौसाकाकू वाढत होती. शालनच्या पानापाशी थांबली, म्हणाली, "तुझं तर सोडलेलं न्हवं गं."

शालन म्हणाली, "सोडलेलं न्हाई काकू. मला चालत न्हाई. आजार हाय, रोज सुई घेते. पन घाम फुटून पडले, तर तवा मातूर गूळ घाला तोंडात. इचारत बसू नगा."

काकू बुंदीचं ताट धरून तशीच उभी. "मग त्या दिशी गुऱ्हाळावर यमाई?"

"मीच हुते काकू."

"आन म्हस?"

"म्हशी पान्याकडंच जात्यात."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग काकू खाली बसली, शालनचा दंड धरून त्यावरचे डाग चाचपले आणि म्हणाली, "मेली असतीस गं माझ्या हातनं. तुझ्या बानं सांगायचं तरी." मी चार वर्षं जे तुमच्याशी भांडलो, ते तिनं पानावर बसून एवढ्यात सांगून टाकलं. गाव कोसळलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त तुमचा राग आला, कारण हे बघायला तुम्ही नव्हता, आणि असता तर तिला बोलू दिलं नसतंत. आपला बाप शेवटपर्यंत त्या थापेला चिकटून गेला, हे मला गिळता येत नव्हतं.

इथवर लिहून मी वही मिटली होती. सरांना द्यायची तयारी केली होती.

काल शालनचं औषध घ्यायला बाहेर पडलो, तर पेठेत हळदीच्या सौद्याला किसनराव आलेले. तुम्ही गेल्यापासून त्यांच्याकडून निरोप नव्हता आणि आम्हीही विचारलं नव्हतं. मी तोंड चुकवून निघालो होतो. त्यांनीच हाक मारली आणि पोत्यावर शेजारी बसवलं. हळकुंड बोटात फिरवत म्हणाले,

"तुमचं वडील आमच्याकडं आलतं. जायच्या आदल्या दिशी. एकलंच."

मी म्हटलं, "ते कराडला गेले होते."

"न्हाई. आमच्याकडं. सुईचा डबा घेऊन. समदं सांगितलं. नवस न्हाई, आजार हाय म्हनलं. डबा उघडून माझ्या मालकिणीला म्हनलं, 'ताई, मी शिकवतो तुमाला, सोपं हाय. दर म्हैन्याला औषध मी सोता आनून दीन.' आमची बाई घाबरली. मी बी... खोटं कशाला बोलू? आमी न्हाई म्हनलं. चहा घेतला, डबा पुसून बंद केला, निगालं."

मग म्हणाले, "दारातनं परत वळलं. म्हनलं, 'पाव्हनं, एक करा. माझ्या थोरल्याला ह्यातलं कळू देऊ नगा. खरं सांगा म्हनून त्योच माझ्या मागं लागला हुता. खरं सांगून मोडलं असं कळलं, तर पोरगं सोताला खात बसंल. त्याची परीक्षा हाय.'"